कुरळ्या पंखांच्या

मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, चमचाभर अगर.
सकाळी सातला मी माश्यांचं पिठलं शिजवते.
तळाला लागलं तर पेंढारकर मॅडमना
जिन्यातच वास येतो.
दोनशे नळ्या भरायच्या, निवू द्यायच्या,
वर कापसाचा बोळा.
खारघरच्या टेकडीकडे तोंड करून
बावीस वर्षं हेच करते. कुणी विचारलं
तर सांगते, स्वयंपाक.

तिसऱ्या फळीवरची ओळ निराळी.
रजिस्टरात तिचं नाव लांबलचक,
मॅडम म्हणतात, नातवंडहीन.
आई धडधाकट. लेकी धडधाकट, लाल डोळ्यांच्या.
फक्त आईने अंड्याच्या मागच्या टोकाला
जे चिमूटभर ठेवायचं असतं
ते ठेवलेलं नसतं.

एरवी अंड्यात पोट नाही, पाठ नाही, डोळा नाही,
तेव्हाच त्या टोकाशी थोड्या पेशी
वेगळ्या निघून बसतात,
आम्हाला यात धरू नका म्हणतात जणू.
त्यांचंच पुढे बीज होतं.
हिच्या अंड्यात कुणी वेगळं निघत नाही,
सगळ्या कामाला लागतात, आतडं, पाय, पंख.
लेक उडते, जोडीदारही बघते,
पोटात रिकामी कणगी घेऊन.

मग सुई.
जंतूंच्या गढूळ पाण्यात बुडवून
भूल दिलेल्या माशीच्या बगलेत एक टोचा.
दुसऱ्या सकाळी मी मोजते.
अंड्यांनी भरलेल्या बऱ्याच उताण्या पडलेल्या.
रिकाम्या पोटाच्या
काचेवर चालत असतात.
चरबीचा डबा एकच, मॅडम फळ्यावर बाण काढतात,
एक अंड्यांकडे, एक लढाईकडे.
मी बोळे गोळा करते
आणि मला बांध दिसतो.

कोपऱ्याला आमचं खारं शेत होतं.
उधाणाच्या रात्री बाबा फावडं घेऊन बांधावर,
खाडी आत आली की तीन वर्षं भात नाही.
आणि माळ्यावर राखेत, निंबाच्या पाल्यात
रात्याचं बियाणं.
पेज पाण्यासारखी झाली तरी हात लावायचा नाही.
आई म्हणायची,
बांद फुटला तं पीक जातं, पोरी.
बियानं खाल्लं तं समदंच.

जमीन गेली त्या वर्षी बांध उभाच होता.
खारं पाणी थेंबभर आत आलं नाही,
कागद आला.
आईने कणगी खाली घेतली,
दोन दिवस कांडत बसली, कुणाशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी लाल भात.
आम्ही तिघी बहिणी पोटभर जेवलो.
गोड होता, खोटं का बोलू.

आज तिघी धडधाकट आहोत.
एक कामोठ्याला नर्स, एक पनवेलला कोर्टात टायपिस्ट.
शेताच्या जागी सेक्टरचा आकडा आहे,
तो मात्र मला रिक्षावाल्याला नीट सांगता येतो.

मॅडम, नातवंडं नाहीत तर ही ओळ
फळीवर टिकते कशी? एकदा विचारलं होतं.
त्या भिंगातून मान न काढता म्हणाल्या,
कुरळ्या पंखांच्या बघ.
त्यांच्यात एक प्रत खोटी, एक शाबूत.
ठेवायचं ते त्या अंड्यात ठेवतात.
त्यांच्यावर चालतं.

म्हणून दर तीन आठवड्यांनी मी
कुंचल्याच्या टोकाने कुरळ्या पंखांच्या निवडते,
नव्या नळीत सोडते, तारीख घालते.
सरळ पंखांच्या सुंदर दिसतात.

गेल्या महिन्यात आत्याचं उलव्याचं घर पाडायचं होतं.
चौकटीवर जुन्या दसऱ्याचं नवं तसंच लटकलेलं,
काजळीने काळं, तोरणाचा दोरा कुजलेला.
लोंबीत आठ दाणे होते.
उगवायचे नाहीत, एवढं मलाही कळतं.
थंड खोलीत, तिसऱ्या फळीच्या मागे
एका नळीत घालून ठेवलेत.
लेबलवर ओळीचं नाव काय लिहू ते सुचेना.
बोळा लावला.
तारीख घातली.